म्हैस कुणी सोडवली

आमच्या गावच्या शाळेत माझ्या सासऱ्यांचा फोटो आहे आणि ग्रामपंचायतीत माझ्या धाकट्या दिराचा. सासऱ्यांच्या फोटोखाली लिहिलंय, अहिंसेच्या मार्गाने लढलेले. दिराच्या फोटोखाली लिहिलंय, सशस्त्र क्रांतिकारक. दर पंधरा ऑगस्टला आधी कुठल्या फोटोला हार घालायचा यावरून दोन गट भांडतात. एका वर्षी तर ढकलाढकली झाली. ती अहिंसेच्या गटानं सुरू केली होती.

मागच्या वर्षी सांगलीच्या कॉलेजातल्या एक बाई माझ्याकडं आल्या. आवाज भरून घ्यायचं यंत्र माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही दोन्ही मार्ग एकाच घरात पाहिलेत. कोणता जास्त परिणामकारक होता?" मी म्हटलं, सांगते, पण म्हशीपासून सुरुवात करावी लागेल. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग यंत्र बंद करून म्हणाल्या, "म्हशीचं राहू द्या आजी, विचारांचं सांगा." माझं शिक्षण चौथीपर्यंत. विचार वेगळा आणि म्हैस वेगळी असं मला सांगता येत नाही. म्हणून सगळं इथं लिहिते.

ते बेचाळीसच्या गडबडीनंतरचं वर्ष. आमचं गाव पलूसपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठाला. घरात सासरे, सासू, दीर, मी आणि माझी सहा महिन्यांची मुलगी. माझे मालक पलटणीत होते. म्हणजे सासरे सूत कातून सरकारशी लढत होते, दीर पिस्तूल घेऊन सरकारशी लढत होता आणि मालक सरकारच्या बाजूनं जर्मनाशी लढत होते. मालकांना सरकार खायला घालत होतं. बाकीच्या दोन लढायांच्या भाकऱ्या मी थापत होते.

दीर भूमिगत झाला होता. भूमिगत म्हणजे गावापासून हाकेच्या अंतरावर उसात. त्याचे आणखी दोन सोबती होते आणि तिघांत मिळून एक पिस्तूल होतं. ते फडक्यात गुंडाळून देवासारखं ठेवायचे आणि आळीपाळीनं कमरेला लावायचे. गोळ्या किती आहेत ते सांगायचे नाहीत. भाकऱ्या किती पाहिजेत ते मात्र रोज सांगून पाठवायचे. अठरा.

मालकांचं पत्र यायचं त्यात पहिल्या ओळीत आईवडिलांना दंडवत असायचा आणि दुसऱ्या ओळीत म्हैस कशी आहे हा प्रश्न. माझी चौकशी नसायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण म्हैस खरंच चांगली होती. मालकांनी पलटणीच्या पगारातून घेतलेली. तिचं रेडकू महिन्याचं असताना मेलं. तेव्हापासून ती माझ्या हाताला लागली. पुढ्यात मूठभर सरकी टाकून मी पाठीवर थाप मारली की पान्हा सोडायची. सासूनं हात लावला तरी लाथ मारायची. माझ्या अंगावर दूध पहिल्यापासून कमी. मुलगी अर्धी माझ्यावर आणि अर्धी म्हशीवर जगत होती. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं मी जे केलं ते कळेल.

दिराला धरायला एक जमादार आणि चार शिपाई गावात आले आणि चावडीत मुक्काम ठोकला. जमादार शिरवळकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, पोट सुटलेला. एका सकाळी त्यांनी आमच्या घराची झडती घेतली. चरखा सापडला, टकळी सापडली, पिस्तूल सापडलं नाही. जमादार ओसरीवर बसला आणि सासऱ्यांना म्हणाला, "आबा, पोरगा कुठं हाय?"

सासरे म्हणाले, "मी खोटं बोलत न्हाई आन् खरं सांगत न्हाई."

"मग म्हैस न्हेतो. पोरगा आणून द्या, म्हैस घिऊन जावा."

लगेच पंचनामा झाला. काळी म्हैस एक, शिंगे दोन, मालक म्हणून सासऱ्यांचं नाव. मी पोरगीला काखेत घेऊन दाराआड उभी होते. म्हैस जाताना तीनदा मागं वळली.

सासऱ्यांनी डोक्यावर टोपी चढवली, टकळी घेतली आणि चावडीसमोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही म्हैस सुटंस्तवर मी अन्नाला शिवणार न्हाई. नुसतं पाणी घीन." म्हातारी माणसं येऊन त्यांच्या पाया पडली. जमादार बाहेर आला, बघून आत गेला आणि घोंगडं घेऊन आला. "आबा, खाली खडं टोचतील. ह्याच्यावर बसा. आन् ऊन फिरलं की सावलीला सरका."

उपासाचा परिणाम शिपायांवर झाला हे मी मान्य करते. सासऱ्यांसमोर जेवायची त्यांना लाज वाटायला लागली. ते चावडीच्या मागल्या अंगाला जाऊन जेवायला लागले. भूक तेवढीच होती.

पण उपास एकट्या सासऱ्यांचा नव्हता. आमच्याकडं सासऱ्याच्या आधी सासू जेवत नाही आणि सासूच्या आधी सून जेवत नाही. ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कुणी बघितलं नव्हतं. सासऱ्यांनी उपास धरला तेव्हा त्यांच्या ध्यानात म्हैस होती, सरकार होतं, देश होता. आपल्या मागं दोन बायका भाकरीवाचून बसणार आणि त्यातली एक अंगावर पाजणारी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी काय केलं असतं मला माहीत नाही. देशाच्या कामात चुलीचं बोलायचं नसतं.

तर पहिल्या संध्याकाळी आम्ही सासूसुना चुलीजवळ बसलो आणि उसातल्या लोकांसाठी अठरा भाकऱ्या थापल्या. एकीनंही तुकडा तोंडात टाकला नाही. एक लढा माझ्या भाकऱ्या खात होता आणि दुसरा लढा मला भाकरी खाऊ देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीत भाकऱ्या, वर वैरण असं करून उसात गेले. तिघं वाट बघतच होते. दिरानं फडकं सोडलं आणि म्हणाला, "वैनी, ठेचा न्हाई आणला?"

"भावजी, पोलिसांनी म्हैस न्हेली."

"ठावं हाय. आमी सोडवणार हाय."

"कवा?"

"ते गुप्त हाय."

"परवा दुपारी," त्याचा एक सोबती घास चावत म्हणाला. दिरानं त्याच्याकडं असं बघितलं की पुढचा घास त्यानं पाण्याशिवाय गिळला.

दीर मला म्हणाला, "पर आबांना तितनं उठवा. म्हातारा मधी बसल्यावर आमी बार काढायचा कसा?"

"बार काढायला गोळ्या हायत का?"

दुसरा सोबती म्हणाला, "एक हाय. पर ती पावसात भिजल्याली."

मी म्हटलं, "भावजी, तुमी हजर झाला तर म्हैस आजच सुटंल. पोरगीच्या पोटात जायला काय न्हाई."

दीर ताठ झाला. "वैनी, म्हशीपायी सरकारला शरण जाऊ? गाव तोंडात शेण घालंल. अवं, एकदा स्वातंत्र्य येऊ द्या, पोरीबाळींना दूधच दूध."

"तवर काय पाजू ते सांगा."

त्याच्या तोंडात भाकरी होती. ती चावून होईपर्यंत मी थांबले. त्यानं पुढचा घास मोडला. दीर मनानं वाईट नव्हता. पोरगीवर त्याचा जीव होता. पण त्या दिवसांत त्याला गाव तोंडावर मोठा म्हणत होतं, आणि मोठ्या माणसाला लहान प्रश्न विचारला की राग येतो.

घरी येऊन मी सासूला सांगितलं आणि तिनं लिंबाखाली जाऊन सासऱ्यांना सांगितलं. सासरे पेटलेच. "त्याला म्हणावं, पिस्तूल घिऊन हिकडं फिरकायचं न्हाई. माझ्या उपासाला डाग लागंल. म्हैस सुटंल ती जमादाराचं मन पालटूनच."

जमादाराचं मन म्हणाल तर ते चहात होतं. म्हैस आपल्या ताब्यात आली म्हणजे दूध आलं, असं त्याला वाटलं होतं. म्हैस पान्हाच सोडेना. एक शिपाई लाथ खाऊन लंगडत होता. दुसऱ्यानं फेट्याचं कापड पदरासारखं डोक्यावर घेतलं आणि बाईसारखं उकिडवं बसून बघितलं. त्याला म्हशीनं वेगळी, नेम धरून लाथ मारली. गावातल्या बायकांना जमादारानं बोलावलं, पण कुणाला कंबरदुखी होती, कुणाच्या घरात बाळंतपणाची सोयर होती, कुणाच्या हाताला फोड आला होता. गावात एवढी आजारी माणसं मी पटकीच्या साथीतही बघितली नव्हती. जमादार तीन वेळ कोरा चहा प्यायला, आणि तेवढ्यानं त्याचा चेहरा उतरला. सासऱ्यांच्या उपासानं तो उतरला नव्हता, उसातल्या पिस्तुलाच्या बातमीनंही नव्हता.

मला पुष्कळदा वाटतं, उपास करणाऱ्याला समोर लाज असलेला माणूस लागतो आणि पिस्तूलवाल्याला समोर भ्यालेला माणूस लागतो. सरकार दोन्हींतलं काहीच नव्हतं. सरकार विलायतेत होतं. समोर होता तो शिरवळकडचा जमादार, आणि त्याला फक्त हाताखाली कुणीतरी काम करायला लागत होतं. ते काम थांबलं की त्याचं राज्य कोऱ्या चहावर येत होतं. पण हे गावातल्या बायकांनी ठरवून केलं नव्हतं. त्यांना खरंच त्याच्यासाठी धार काढायची नव्हती, एवढंच. त्यामुळं त्यांचा फोटो कुठं लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगावर थेंब आला नाही. पोरगी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. सासूनं गुळाचं पाणी चमच्यानं घातलं, तिनं ते बाहेर काढलं. रडून रडून तिचा आवाज बसला. मग ती रडायची थांबली. मूल रडतं तोवर आईला भीती नसते. थांबल्यावर असते.

मी चुलीपुढं बसले. उसासाठी थापलेल्या चळतीतली वरची भाकरी घेतली, त्यावर चटणी घेतली आणि खायला लागले. सासू मागल्या दारातनं आली आणि बघतच राहिली.

"काय करतीस?"

"जेवतीय."

"आगं, त्यांचा उपास हाय!"

"आत्याबाई, त्यांना अंगावर पाजायचं न्हाई."

सासू तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता केस धरते. तिनं मागं वळून दाराला आतून कडी घातली, येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "सर तिकडं. मलाबी दे एक. आन् कुठं बोललीस तर जीभ हासडीन." चाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या आधी पहिल्यांदा जेवत होती. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. खाताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. नंतर म्हणाली, "चटणीत मीठ कमी हाय."

पण भाकरी खाल्ली की तासाभरात दूध येत नाही. मी लोटा घेतला, ओटीत सरकी घेतली, पोरगी काखेत मारली आणि चावडीवर गेले. सासरे लिंबाखाली टकळी फिरवत होते. जमादार पायरीवर कोरा चहा घेऊन बसला होता. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्याला म्हटलं, "म्हशीची धार मी काढते. अर्धं दूध माझ्या पोरगीला, अर्धं तुमाला."

जमादार म्हणाला, "म्हैस जप्तीची हाय बाय. अर्धं कसं?"

"मग काढा तुमीच."

लंगडा शिपाई आत निघून गेला.

"आन् आणिक एक," मी म्हटलं, "ही म्हैस आबांची न्हाई. माझ्या मालकांची हाय. मालक तुमच्याच सरकारच्या पलटणीत हायती. हर पत्रात म्हशीची खुशाली इचारत्यात. काय लिवू ते तुमी सांगा."

जमादारानं कप खाली ठेवला. "आरं तिच्या! हे आधी का न्हाई बोललीस?"

"कुणी इचारलं?"

"पंचनाम्यात म्हाताऱ्याचं नाव घातलंय मी. कागद वर गेला." तो वर म्हणाला तेव्हा त्यानं बोट सातारच्या दिशेला केलं. "वर गेल्याला कागद खाली यायला म्हयना लागतो बाय. म्हैस न्हाई सोडता येत. धार काढ जा."

मी सरकी टाकली, पाठीवर थाप मारली. तीन दिवसांची तुंबलेली म्हैस, तरी लोटा अर्धाच भरला. मी तिथंच बसून पोरगीला बोंडल्यानं पाजलं. ती प्यायली आणि मग जोरात रडली. मला बरं वाटलं. उरलेलं दूध जमादाराच्या चहात गेलं.

सासरे सुनेशी सरळ बोलत नसत. ते लिंबाच्या झाडाला म्हणाले, "शत्रूच्या दारात जाऊन त्याला दूध देणारी सून आमच्याच घरात निघाली. माझ्या उपासाला अर्थ काय ऱ्हायला?"

मी म्हशीला म्हटलं, "पोरगी मेल्यावर उपासाचा अर्थ बगू गं बाय."

लिंब काही बोलला नाही. म्हशीनं शेपूट हलवलं. जमादार चहा पीत दोघांकडं बघत होता.

संध्याकाळी उसात भाकऱ्या घेऊन गेले तर तिथं बातमी माझ्या आधी पोचली होती. दीर म्हणाला, "वैनी, लोक फितूर म्हणत्यात तुमाला." मी म्हटलं, म्हणू द्या. फितुराच्या हातच्या भाकऱ्या त्यांनी अठरा आहेत का ते बघून घेतल्या. तीन दिवसांत सासरे आणि दीर यांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते माझ्यावर झालं.

चौथ्या दिवशी सकाळी धार काढायला गेले तेव्हा जमादार माझी नजर चुकवत होता. म्हणाला, "बाय, हुकूम आलाय. उद्या म्हैस तालुक्याला न्ह्यायची. लिलाव हाय."

"अन् कागद म्हयन्यानं येतो म्हणला व्हता ते?"

"सोडायचा कागद म्हयन्यानं येतो. विकायचा लगीच येतो."

मी घरी आले आणि सासूला सांगितलं. आता पुढं काय हे दोघींनाही सुचत नव्हतं. उपासावर माझा भरवसा नव्हता, भिजलेल्या गोळीवर तर नव्हताच.

दुपारी मी सासऱ्यांसाठी पाण्याची घागर घेऊन लिंबापाशी गेले. ऊन तापलं होतं. जमादार आणि शिपाई नदीवर आंघोळीला गेले होते, सगळेच्या सगळे. चावडीवर चिटपाखरू नव्हतं. म्हैस खांबाला बांधलेली होती. सासरे डोळे मिटून बसले होते, चौथ्या दिवसामुळं थोडे डुलत होते. तेवढ्यात तिघं पळत आले. तोंडाला फडकी बांधलेली. आपल्याच गावात, आपल्याच चावडीवर, जिथं कुत्रीसुद्धा त्यांना ओळखून शेपूट हलवत होती.

दीर ओरडला, "हात वर!"

तिथं हात होते फक्त सासऱ्यांचे आणि माझे. माझ्या हातात घागर होती. सासऱ्यांनी डोळे उघडले.

"गाढवा," ते म्हणाले, "चौथा दिस हाय माझा."

"आबा, बाजूला व्हा. म्हैस न्हेतो."

"न्हाई न्ह्यायची. म्हैस माझ्या उपासानं सुटणार."

"उद्या लिलाव हाय तिचा!"

"म्हंजी आज रातीपातुर येळ हाय जमादाराला. त्याचं मन पालटंल."

दीर दावं सोडायला खांबाकडं वळला. सासरे उठले. चार दिवसांचा उपाशी माणूस, पण असा तरातरा गेला आणि दावं दोन्ही हातांनी धरून म्हशीपुढं आडवा झोपला. सरकारपुढं कधी आडवे झोपले नव्हते, पोटच्या पोरापुढं झोपले. दीर एका बाजूनं दावं ओढतोय, सासरे दुसऱ्या बाजूनं. "आबा, सोडा!" "आधी तू सोड, हत्याऱ्या!" "अवं, आपलीच म्हैस हाय!" "साधनशुद्धी पायजे!" म्हैस एकदा ह्याच्याकडं बघायची, एकदा त्याच्याकडं. मी घागर खाली ठेवली आणि ओरडले, "आवं, पोलीस यायच्या आत कुणीतरी एकानं सोडा!" सासऱ्यांशी मी सरळ बोलले हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही.

पिस्तूल त्या वेळी दुसऱ्या सोबत्याकडं होतं. गोंधळात त्याचं बोट कसं लागलं देव जाणे. भिजलेली गोळी फुटली. आभाळात गेली. लिंबावरचे कावळे उडाले, गावातली दारं धडाधड लागली आणि म्हशीनं असा हिसका मारला की दावं मधोमध तुटलं. अर्धं दावं दिराच्या हातात, अर्धं सासऱ्यांच्या. दोघंही मातीत बसले. म्हैस शेपूट वर करून घराच्या रस्त्याला लागली.

तिघं उसाकडं पळाले. सासरे परत घोंगड्यावर जाऊन बसले, टोपी झटकली, टकळी हातात घेतली. नदीकडनं जमादार ओल्या धोतरावर धावत आला, मागं चार शिपाई, एकाच्या अंगाला अजून साबणाचा फेस.

"बार कुणी काढला?" जमादारानं विचारलं.

सासरे खोटं बोलत नसत, म्हणून ते सूत बघत राहिले. मी म्हटलं, "कसला बार? मी तर दावं तुटल्याचा आवाज आयकला."

जमादारानं मातीत पडलेले दाव्याचे दोन तुकडे बघितले. चार माणसांच्या पायांचे ठसे बघितले. मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आंघोळीला सगळेच गेला व्हता व्हय जमादार? चावडीत कुणीच नव्हतं? वर कागदात हे लिवावं लागंल का न्हाई?"

तो जरा वेळ धोतर पिळत उभा राहिला. पाणी निथळून झाल्यावर म्हणाला, "दावं जुनं व्हतं."

"लय जुनं," मी म्हटलं.

त्यानं तसंच लिहिलं. जप्तीची म्हैस दावे तोडून पळाली, शोध चालू आहे. त्या दिवशी रात्रीपर्यंत तो शिपाई घेऊन नदीकाठानं म्हैस शोधत फिरला, आमच्या गोठ्यात शोध घ्यायचं त्याला सुचलं नाही. आठवड्यानं त्यांचा मुक्काम हलला. त्या सगळ्या दिवसांत जे काही लिहिलं गेलं, फोटोखाली काय आणि पुस्तकात काय, त्यात खरं एवढंच होतं, आणि ते ब्रिटिश सरकारच्या दप्तरात होतं.

पण त्या दिवशीचं अजून राहिलंय. गावात तासाभरात दोन बातम्या फिरल्या. एक, की सत्याग्रहापुढं सरकार नमलं. दुसरी, की गोळीच्या आवाजानं पोलीस नदीत पळाले. पलूसला साताऱ्याचे एक पुढारी आले होते. त्यांना कुणीतरी सायकलवरून निरोप दिला. दिवस मावळायच्या आत ते बैलगाडीतून हजर झाले. त्याच म्हशीच्या दुधानं, पुढाऱ्यांच्या हातून, लिंबाखाली उपास सोडायचा असं ठरलं. पाटलाच्या घरून चांदीची वाटी आली. उसातून निरोप आला की विजयाचं दूध म्हणून एक लोटा तिकडंही धाडा, शक्यतो साखर घालून.

मी गोठ्यात होते. म्हैस भ्यालेली, थरथरत होती. कितीही थोपटलं तरी पान्हा पुरता सोडेना. लोट्याचा तळ कसाबसा झाकला. मी ते पोरगीला पाजलं, सगळं. बोंडलं उलटं करून शेवटचा थेंबही पाजला. तेवढ्यात सासू चांदीची वाटी घेऊन धावत आली.

"दूध दे लवकर, सगळी खोळंबल्यात."

"सपलं."

"सपलं म्हंजी?"

मी पोरगीच्या पोटावर हात ठेवला. सासूनं पोरगीकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, बाहेर घोषणा चालल्या होत्या तिकडं कान दिला. मग स्वयंपाकघरात गेली. मडक्यातलं मूठभर जोंधळ्याचं पीठ वाटीत टाकलं, पाणी घातलं, बोटानं ढवळलं. पांढरं झालं. पदरानं झाकून ती वाटी तिनं पुढाऱ्यांच्या हातात नेऊन दिली.

मी गर्दीच्या मागं पोरगीला घेऊन उभी होते. पुढारी बोलले. या दुधात शुद्ध सत्याचं बळ आहे, असं काहीसं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वाटी सासऱ्यांच्या तोंडाला लावली. पहिला घोट गेला तसे सासरे थांबले. त्यांनी वाटीवरून सासूकडं बघितलं. सासू लिंबाचा शेंडा बघत होती. खोटं न बोलणारा तो माणूस सगळी वाटी प्यायला, तळाला राहिलेल्या पिठासकट, आणि मिशा पुसून म्हणाला, "गोड हाय."

पुढाऱ्यांची गाडी गेल्यावर सासरे घरी आले. ओसरीवर बसून टोपी काढली, खुंटीला अडकवली. मी नेहमीसारखी दाराच्या चौकटीआड उभी राहिले. आता फितुरीचं निघणार, दुधाचं निघणार, सगळंच निघणार, असं धरून मी तयारीत होते. त्यांनी ना झाडाला हाक मारली, ना सासूला. सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "पोरगी प्याली का?"

"व्हय मामंजी."

"झोपली?"

"व्हय."

"मग वाढा," ते म्हणाले. "आन् हळू वाढा, भांडी आपटू नगा. उठंल ती."